विहीर क्रमांक दोनवरचा होयबा

मित्रांनो, गावाबाहेरच्या रस्त्याने जाताना तारेच्या कुंपणाआड एक हिरवी लोखंडी मान खाली-वर होताना दिसली, तर जरा थांबा आणि हात हलवा. तो मी. मी एक जुना तेलपंप आहे. जमिनीच्या पोटात खूप खोलवर जे काळं तेल साठलेलं आहे, ते घोट घोट करून वर ओढायचं, एवढंच माझं काम. मोटर पट्टा फिरवते, पट्टा चाक फिरवतो, चाक माझी लांब तुळई हलवतं आणि तुळईच्या टोकाचं माझं डोकं विहिरीच्या तोंडावर वाकतं आणि उठतं. मिनिटाला सहा वेळा. कुणी काही विचारलेलं नसताना दिवसभर मान डोलावून ‘हो, हो’ म्हणत राहतो, म्हणून सगळे मला ‘होयबा’ म्हणतात. मला त्याचा राग येत नाही. हो म्हणणारे जगात पुष्कळ असतील, पण त्यातून तेल काढून दाखवणारा मी एकटाच आहे.

माझा जन्म लोखंड ओतण्याच्या एका कारखान्यात झाला. माझ्या मानेला तोल देणारी वजनं साच्यातून बाहेर काढली तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने हातोडीने टक् करून वाजवून पाहिली, कान लावला आणि ‘निरोगी आहे’ असं म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली. माझं झालेलं ते पहिलं कौतुक. पुढे तीन ट्रकांत तुकड्यातुकड्यांनी मी इथे आलो. मान आधी आली, पाय दोन दिवसांनी आले. मला जोडायला जो फिटर नेमला होता, त्याने एकेक बोल्ट आवळताना माझ्याशी गप्पा मारल्या. त्याला वाटलं असेल, लोखंडाला काय कळतंय! पण मी सगळं ऐकत होतो. तो फिटर पुढे इथेच राहिला. आता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या आहेत आणि माझा रंग चार वेळा बदलला आहे, पण आमचं अजून एकमेकांवाचून पान हलत नाही.

आता माझ्या मालकांविषयी सांगतो, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे. मोठ्या कंपन्यांचे मालक कुठे राहतात, ते त्यांच्या पंपांनाही माहीत नसतं. माझी कंपनी अगदी लहान. दोन विहिरी, त्यातली एक माझ्या येण्याआधीच आटलेली. अशी कंपनी चालवायची तर तिचे लहान लहान भाग करतात आणि ते लोकांना विकतात. ज्याच्याकडे भाग, तो भागधारक, म्हणजे तेवढ्यापुरता मालक. माझे मालक चाळीस. त्यात बेकरीवाला आहे, निवृत्त पोस्टमनआजोबा आहेत, एक चष्मे बनवणारा आहे. आणि सव्वीस बायका शिवणाच्या क्लासच्या आहेत. माझा कोणता अवयव कुणाच्या वाट्याचा, यावरून त्यांच्यात थट्टा चाले. पोस्टमनआजोबांनी माझे पाय मागून घेतले होते, कारण आयुष्यभर त्यांनी पायांचंच काम केलं होतं. बेकरीवाल्याने वजनं घेतली. डोकं मात्र ताईने कुणाला देऊ केलं नाही.

ही ताई म्हणजे फिटरची थोरली बहीण. मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली. वीस मशिनांच्या खडखडाटावर चढवून चढवून तिचा आवाज असा तयार झाला होता, की ती कुजबुजली तरी पलीकडच्या गल्लीत कळे. निवृत्तीनंतर तिने घरच्या पुढच्या खोलीत आठ मशिनं मांडून क्लास काढला. फिटर माझ्याकडे कामाला लागला त्याच आठवड्यात ती कंपनीची भागधारक झाली. ‘माझा भाऊ जिथे राबतो तिथे माझाही पाय पाहिजे,’ असं तिचं म्हणणं. मग तिने क्लासमधल्या बायकांनाही सांगितलं. ताईने टाकलेला टाका कधी उसवत नाही, हे त्यांना माहीत होतं. एकीनेही घरी विचारून सांगते असं म्हटलं नाही.

फिटरला हे फारसं रुचलं नव्हतं. ‘ताई, तू माझी मालकीण झालीस की आता,’ तो कुरकुरला.

‘मग नीट काम कर,’ ताई म्हणाली. ‘आणि आधी ते हात धू.’

कंपनीला स्वतःचं सभागृह नव्हतं, म्हणून भागधारकांची वार्षिक सभा माझ्याच अंगणात भरायची. त्या दिवसाची एक पद्धत पडून गेली होती. सभेच्या तासभर आधी फिटर मला बंद करी आणि ब्रेक लावी, म्हणजे लोकांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईल. मग पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या मांडल्या जात. सभा सुरू होण्याआधी सगळे मालक माझ्यासमोर रांगेत उभे राहत आणि प्रत्येक जण वंगणाच्या पिचकारीचा एकेक दाब माझ्या सांध्यात देई. ही पोस्टमनआजोबांची कल्पना. चाळीस दाब म्हणजे माझ्या गरजेपेक्षा फार झाले, पण फिटर कधी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तो निमूटपणे जास्तीचं वंगण पुसून काढी. आणि मला विचाराल, तर वर्षातला तो दिवस मला फार आवडायचा.

कंपनीचा कारभार पाहणाऱ्या साहेबांचं खरं नाव कुणीच घेत नसे. सगळे त्यांना ‘लवकरचसाहेब’ म्हणत. नवी मोटर लवकरच येईल, कुंपण लवकरच दुरुस्त होईल, अहवाल लवकरच हातात पडेल. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या डायरीत तारखांची पानंच नसावीत असं मला वाटे.

तर माझी वीस वर्षांची परवानगी संपत आली आणि ती वाढवून घ्यायची वेळ आली. ती द्यायची नगर नियोजन कचेरीने. अर्ज गेला. कचेरीने कुंपणाचा नकाशा मागितला. तो दिला, तर आवारातली झाडं मोजून मागितली. झाडं मोजून दिली, तर रस्त्याची रुंदी मागितली. ती दिली, तोवर कुंपणाचा नकाशा सहा महिन्यांहून जुना झाला होता, म्हणून नवा मागितला. कुंपण तेच, खांब तेच, खांबावर बसणारे पक्षीसुद्धा तेच. आठ महिने हे भिजत घोंगडं पडून होतं आणि माझे चाळीस मालक आतल्या आत धुमसत होते.

त्याच वर्षीच्या सभेत भडका उडाला. वंगणाचे दाब देऊन झाले होते, पण नेहमीसारखी थट्टा झाली नव्हती. लवकरचसाहेब उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, ‘आपल्याला सांगायला आनंद होतो की परवानगी लवकरच...’

‘लवकरच म्हणजे किती वाजता?’ ताईने विचारलं.

लोक हसले, पण ते हसू कडू होतं. साहेबांनी कचेरीकडे बोट दाखवलं. कुणीतरी म्हणालं, तुम्ही एकदा तरी स्वतः कचेरीत गेलात का? साहेबांनी अर्ज तयार करणाऱ्या सल्लागारांकडे बोट दाखवलं. मग बेकरीवाल्याने आपली खुर्ची घडी करून जमिनीवर आपटली. कल्पना सगळ्यांनाच आवडली. पाहता पाहता चाळीस पत्र्याच्या खुर्च्या आपटायला लागल्या आणि त्यावर ताईचा आवाज चढला, ‘तारीख सांगा! तारीख सांगा!’ शिवणाच्या बायकांनीही ते उचलून धरलं. शेडवरचा पत्रा थरथरत होता. पलीकडच्या शेतातल्या गाई उठून लांब जाऊन बसल्या.

त्या गोंधळातच एक किडकिडीत गृहस्थ फाटकातून आत आले. त्यांनी तीन पायांच्या घोडीवर एक पेटी बसवली. पेटीतून एक दांडी वर आली होती आणि दांडीच्या टोकाला काळं मऊ बोंड होतं. मला वाटलं, फोटो काढणारे असतील. ब्रेक लावलेला असल्यामुळे मान खाली गेलेली होती, ती वर करून नीट उभं राहता आलं नाही याची मला चुटपुट लागली. गृहस्थांनी पाव तास पेटी चालू ठेवली, कानांत बोटं घालून उभे राहिले आणि मग खुर्च्यांच्या कोंडाळ्यातून वाट काढत लवकरचसाहेबांपर्यंत पोचले. साहेबांची अवस्था अशी होती, की त्या वेळी कुणी त्यांच्यापुढे धोब्याची यादी धरली असती तरी त्यांनी सही केली असती. त्यांनी सही ठोकली. गृहस्थ निघून गेले. फिटर तेव्हा शेडमागे चहाचे पेले विसळत होता. त्याने त्यांना पाहिलंसुद्धा नाही.

दीड महिन्याने कचेरीचं पत्र आलं. पंपाचा आवाज ठरलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर आहे, सबब पुढील आदेश होईपर्यंत पंप बंद ठेवावा. आवाज कधी मोजला, ते पत्रात नव्हतं. सोबत आलेल्या माणसाने माझ्या मोटरच्या बटणावर लाखेचं सील लावलं.

फिटरने ते पत्र दोनदा वाचलं आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्यापासून काही लपवलं होतं. ‘याचा आवाज?’ तो म्हणाला. ‘अहो, याच्या पायाशी बसून मी दुपारी डुलकी काढतो!’

पण त्याचं ऐकतो कोण? पगारी माणूस पंपाची बाजू घेणारच, असं कचेरीला वाटलं. पुन्हा मोजा, अशी विनंती त्याने साहेबांना करायला लावली. उत्तर आलं की बंद पंपाचा आवाज मोजता येत नाही. आणि पंप चालू करता येत नाही, कारण त्याचा आवाज जास्त आहे. साहेबांनी मग एका सल्लागाराकडून जाडजूड रंगीत अहवाल बनवून पाठवला. त्यात जगातल्या तेलाविषयी सगळं होतं. माझ्या आवाजाविषयी एक ओळ नव्हती.

आणि माझे मालक? मित्रांनो, इथे मला जरा वाईट वाटलं होतं, ते सांगून टाकतो. चाळिसांपैकी एकालाही छातीठोकपणे म्हणता आलं नाही, की आमच्या होयबाचा आवाज एवढा नाही. कारण त्यांनी तो कधी ऐकलाच नव्हता. ते यायचे तेव्हा मी बंद असायचो. कुणी म्हणालं, साहेबांनी हलकी मोटर बसवली असणार. कुणी म्हणालं, कुठेतरी पाणी मुरतंय, कचेरीला ही जागाच हवी आहे.

तीन वर्षं मी उभा होतो. माझा हिरवा रंग पापुद्रे धरून गळायला लागला. वेल माझ्या पायांवरून गुडघ्यांपर्यंत चढली. पण खोटं कशाला बोलू, दिवस अगदीच वाईट नव्हते. सील बटणाला होतं, चाकाला नव्हतं. फिटर रोज सकाळी ब्रेक सोडून पट्ट्याचं चाक हाताने थोडं फिरवी, म्हणजे माझे सांधे धरणार नाहीत. एका वर्षी पाखरांच्या एका जोडीने माझ्या मानेखाली घरटं केलं, तर तीन आठवडे त्याने चाकाला हातही लावला नाही; नुसताच येऊन उभा राहायचा आणि अंडी मोजून जायचा. मी रिकामा होतो, पण एकटा नव्हतो.

ताईचं मात्र अवघड झालं होतं. ती दर आठवड्याला दोन-चार बायकांना घेऊन कचेरीत जाई. तिथल्या बाकावर बसून त्या भरतकाम करत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने कचेरीचा उद्धार करत. पहिल्या वर्षी दहा-बारा जणी येत. तिसऱ्या वर्षी ताई एकटीच जाऊ लागली. एकदा ती भावाला डबा द्यायला आली, तेव्हा क्लासमधली एक जाडसर, हसऱ्या चेहऱ्याची बाई तिच्यासोबत होती. हसरा चेहरा त्या दिवशी हसत नव्हता.

‘ताई, आम्ही कंपनी ओळखत नव्हतो, साहेब ओळखत नव्हतो,’ ती म्हणाली. ‘तुमच्या शब्दावर आत आलो हो आम्ही.’

ताईने डबा पायरीवर ठेवला. मी तिला पहिल्यांदाच गप्प पाहिलं.

त्यात आणखी एक नियम आडवा आला. तीन वर्षं बंद राहिलेली विहीर सिमेंट ओतून कायमची बुजवायची आणि तिच्यावरचा पंप कापून भंगारात द्यायचा. त्या तारखेला पंधरा दिवस उरले होते. त्या आठवड्यात फिटरने मला जरा जास्तच वंगण दिलं.

पुढचं कचेरीतलं मी पाहिलेलं नाही. ताईने शेडच्या पायरीवर बसून भावाला सांगितलं, तेवढंच सांगतो. तिने ठरवलं, आता भांडण पुरे, एकदा सगळी फाइल स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, अर्ज करा. अर्ज केला, तर फाइल दुसऱ्या टेबलावर होती. दुसऱ्या टेबलावर गेली, तर ती पहिल्याकडे परत गेली होती. ताई वैतागून ओरडणार, एवढ्यात तिचं लक्ष गेलं, की खिडकीवरच्या बाईंच्या बाहीची शिवण खांद्यापाशी उसवली आहे आणि त्या बिचाऱ्या सकाळपासून हात अंगाशी धरून काम करत आहेत. ताईने पिशवीतून सुई-दोरा काढला. ‘इकडे या,’ म्हणाली आणि खिडकीच्या आतल्या बाजूला जाऊन तिने चार टाके घातले. बाईंनी हात वर-खाली करून पाहिला. तीन वर्षांत ताईशी कुणी माणसासारखं बोललेलं नव्हतं, आणि ताईही कुणाशी बोललेली नव्हती. अर्ध्या तासात फाइल बाकावर आली.

त्याच संध्याकाळी ती माझ्या आवारात आली, ती जवळजवळ धावतच. हातात एका कागदाची नक्कल होती.

‘धाकट्या, ही तारीख वाच.’

फिटरने चष्मा लावला. ‘सभेचा दिवस. त्या वर्षीच्या.’

‘वेळ?’

‘अकरा चाळीस ते अकरा पंचावन्न.’

‘खाली काय लिहिलंय? पंप चालू. आवाज मर्यादेबाहेर. आणि ही सही साहेबांची. तेव्हा होयबा चालू होता?’

‘वेड लागलंय का ताई? सभेला मी कधी ठेवतो का त्याला चालू? दहालाच ब्रेक लावला होता.’

ताई पायरीवर टेकली. ‘मग हा आवाज कुणाचा?’

फिटर हसायला लागला. पोट धरून हसला. मग त्याचं बहिणीच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि तो थांबला.

त्या वेळी माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. काळं बोंड, पेटी, कानांत बोटं. फोटो नव्हते काढत ते. आवाज मोजत होते! पुढे कळलं, सभेच्याच दिवशी त्यांना बोलावलं होतं लवकरचसाहेबांनी, ‘मी तसाही तिकडे येतोच आहे, एका फेरीत दोन्ही कामं होतील,’ म्हणून. आणि मोजणाऱ्याने उभ्या जन्मात तेलपंप पाहिलेला नव्हता. एवढा दणदणाट चाललाय म्हणजे पंप चालूच असणार, असं ते धरून चालले.

‘तीन वर्षं मी त्या कचेरीला नावं ठेवली,’ ताई म्हणाली. ‘आणि ओरडत होते मीच.’

‘चूक त्यांची आहे. बंद पंप चालू लिहिला. साहेबांनी न वाचता सही केली. तू एवढंच सांग.’

‘ते तर सांगणारच आहे. त्यांना काय सोडते की काय! पण नुसतं तेवढ्याने भागत नाही. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, तो आवाज पंपाचा नव्हता असं म्हणायचं तर तो कुणाचा होता हे सांगावं लागेल. नाहीतर पुन्हा चौकशी, पुन्हा कागद. दिवस उरलेत नऊ. विहीर बुजवण्याआधी कचेरीची समिती पाहणीला येणार आहे. ज्याने आवाज केला त्याने तिच्यासमोर उभं राहून सांगितलं, तरच काही होईल.’

‘मग सांग की.’

‘सव्वीस जणींसमोर?’ ताईचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. ‘म्हणतील, हिनेच आत ओढलं आणि हिनेच बंद पाडलं. उद्यापासून क्लासात कोणत्या तोंडाने उभी राहू?’

फिटरने मिशीवरून हात फिरवला. ‘ताई,’ तो म्हणाला, ‘मी काही सांगणार नाही. तू मालकीण आहेस.’

मित्रांनो, मला त्या वेळी खरंच तोंड हवं होतं. मी सांगितलं असतं सगळं आणि तिला सोडवलं असतं. पण माझ्या जिभेच्या जागी लोखंडाचा दांडा आहे.

पाच दिवसांनी समिती पाहणीला आली. समितीच्या अध्यक्ष गुडघ्यापर्यंत बूट घातलेल्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. सोबत ते किडकिडीत गृहस्थ पेटी घेऊन आले होते. चाळीसही मालक आले. लवकरचसाहेब नवा कोट घालून आले होते आणि खिशात भाषण होतं. ते बोलायला उभे राहणार, तोच ताई पुढे आली. तिने नकलेचा कागद अध्यक्षबाईंच्या हातात दिला आणि मग आपल्या बायकांकडे तोंड करून बोलली. समितीला सांगायचं ते तिने बायकांना सांगितलं.

‘कचेरीने बंद पंप चालू लिहिला. साहेबांनी सही केली. दोघांनीही पंपाकडे मान वर करून पाहिलं नाही. पण पेटीत जो आवाज भरलाय, तो होयबाचा नाही. तो माझा आहे. तुम्हाला ओरडायलाही मीच लावलं. मला माफ करायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण याला कापू देऊ नका.’

 ताई हात जोडून उभी होती. फिटर माझ्या चाकाशी मान खाली घालून उभा होता.

मग ती जाडसर बाई पुढे आली. ‘माझ्या दोन खुर्च्या होत्या,’ ती म्हणाली. ‘एक माझी आणि एक शेजारणीची. शेजारीण आली नव्हती, म्हणून दोन्ही मीच आपटल्या.’

‘पहिली माझी,’ बेकरीवाला म्हणाला.

‘मी टिनाचा डबा वाजवला,’ पोस्टमनआजोबा म्हणाले. ‘कुणाला दिसलं नाही, पण वाजवला.’

एकेक जण बोलत गेला. सगळ्यांत शेवटी लवकरचसाहेब पुढे आले. भाषणाचा कागद त्यांनी खिशातच ठेवला. ‘दिवस मी ठरवला होता आणि सही न वाचता केली,’ ते म्हणाले. ‘माझं चुकलं.’ त्यांच्या तोंडून इतकं छोटं आणि स्वच्छ बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं आणि मला ते गृहस्थ आवडले.

अध्यक्षबाईंनी कागदाची घडी घातली. ‘आत्ता मोजता येईल?’ त्यांनी किडकिडीत गृहस्थांना विचारलं.

‘पंप चालू असेल तर,’ ते ओशाळून म्हणाले.

‘आणि लोक बंद असतील तर,’ अध्यक्षबाई म्हणाल्या. ‘सील काढा. एक तास चालवा. तासभर कुणीही चकार शब्द काढायचा नाही.’

आता सगळं माझ्यावर आलं. तीन वर्षांनी मला उठायचं होतं. फिटरने सील तोडलं, पायांवरची वेल हलकेच बाजूला केली, ब्रेक सोडला आणि बटण दाबलं. मोटर घुमली. पट्टा घसरला, पुन्हा घसरला. बेकरीवाल्याने डोळे मिटून घेतले. मग पट्ट्याने चाक धरलं, वजनं हलली आणि माझी मान उचलली गेली. ज्या सांध्यांना माझ्या फिटरने एक दिवस कोरडं राहू दिलं नव्हतं, ते सांधे एकदाही कुरकुरले नाहीत.

चाळीस माणसं कुंपणाला लागून ओळीने उभी राहिली. यांतल्या कित्येकांना आयुष्यात सलग पाच मिनिटं गप्प राहायची सवय नव्हती. पहिल्या पाव तासातच किडकिडीत गृहस्थांचा चेहरा उजळला आणि त्यांनी अध्यक्षबाईंना पेटीवरचा आकडा दाखवला. मर्यादेच्या निम्मासुद्धा नव्हता. साहेब टाळी वाजवायला हात वर करणार, तेवढ्यात ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी दोन्ही हात खिशात घातले. पोस्टमनआजोबांना शिंक आली. ती त्यांनी टोपीत दाबली. बाकी सगळं शांत. गाई जवळ येऊन चरत होत्या.

तास भरला. गृहस्थांनी पेटी बंद केली. ‘झालं,’ अध्यक्षबाई म्हणाल्या. ‘आता बोला.’

पण कुणीच बोललं नाही. पट्ट्याची मऊ सरसर, वजनांचा उसासा, मान वर गेली की सांध्यातला अगदी हलका, लाकडी दाराच्या बिजागरीसारखा आवाज, आणि खाली विहिरीत दूरवर तेलाचा एक घोट. माझे मालक ते ऐकत होते. इतकी वर्षं मला थांबवून ते बोलत आले होते. आज पहिल्यांदा ते थांबले होते आणि मी बोलत होतो.

ताई भावाजवळ जाऊन उभी राहिली. ‘असा वाजतो होय हा?’ तिने हळूच विचारलं.

‘रोज,’ फिटर म्हणाला आणि त्याने बाहीने डोळे पुसले.

विहीर बुजवायचं त्याच दिवशी थांबलं आणि तीन आठवड्यांनी परवानगी आली. तिची मुदत संपली की पुन्हा अर्ज करावा लागेल, पुन्हा कुंपणाचा नकाशा मागतील, ते होईलच. मला नवा रंग मिळाला आहे. ताईचा क्लास भरलेला असतो. जाडसर बाई तिथे आता काजं करायला शिकवते. आणि वार्षिक सभा अजून माझ्याच अंगणात होते, पण मला बंद करत नाहीत. बोलणाऱ्याला जरा जवळ यावं लागतं, दुसऱ्याचं संपेपर्यंत थांबावं लागतं. साहेबांना तारीख विचारतात आणि ते सांगतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात काही ना काही मुकाट्याने काम करत असेल. एखादं मशिन असेल, एखादं जनावर असेल, एखादं माणूसही असेल. त्याला पुसा, वंगण द्या, वर्षातून एकदा कौतुक करा, हे सगळं छानच आहे. पण कधीतरी आपलं बोलणं थांबवून त्याच्याजवळ तासभर बसा. ज्याला त्याचा सुखाचा आवाज माहीत आहे, त्यालाच त्याचं दुखणं वेळेवर ऐकू येतं. आणि त्याच्यावर खोटा आळ आला, तर त्याच्या बाजूने उभं राहता येतं.